स्ट्रॉबेरी आणि "रोज एक मग पाणी"

या वीकेंडला कोडबिड काही नाही. आज भांडायचंय ते एका वाक्याशी. "रोज सकाळी एक मग पाणी घाला, बस्स." महाबळेश्वरहून परतताना रस्त्यावर घेतलेलं रोप असो नाहीतर कोपऱ्यावरच्या नर्सरीतलं, स्ट्रॉबेरीच्या कुंडीबरोबर हे वाक्य फुकट मिळतं. सांगणाऱ्याला सोपं, ऐकणाऱ्यालाही सोपं. मरतं ते रोप.

आणि रोप मेलं की माणूस स्वतःलाच दोष देतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंची स्ट्रॉबेरी दोन वर्षं लागोपाठ गेली. आता त्या म्हणतात, "माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत बाबा." हे त्या काकू म्हणतायत, ज्यांनी लावलेला कढीपत्ता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलाय! हाताला काही झालेलं नाही हो. नियमच चुकीचा आहे. मला राग येतो तो याचाच. वाईट सल्ला देणारा मोकळा सुटतो आणि तो इमानेइतबारे पाळणारा स्वतःला नालायक ठरवून बागकाम सोडून देतो.

आता जरा लॉजिक बघू. "रोज एक मग" या नियमात दोन आकडे आहेत. "रोज" आणि "एक". दोन्ही कायमचे ठरलेले. इंजिनियरिंगच्या भाषेत याला ओपन लूप म्हणतात, म्हणजे पुढे काय झालं ते न बघता ठरलेली कृती करत राहणं. गीझरला थर्मोस्टॅट असतो म्हणून बरं. तो नसता आणि गीझर नुसता "रोज अर्धा तास" चालवला असता, तर मे महिन्यात अंग भाजलं असतं आणि जानेवारीत कुडकुडलो असतो. तोच प्रकार आपण कुंडीशी करतोय.

पुण्याचंच वर्ष घ्या. स्ट्रॉबेरी लावायची सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तेव्हा मुळं नवीन असतात, ऑक्टोबर हीट असते, म्हणून पहिले दोन आठवडे थोडं थोडं पण वरचेवर पाणी लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, माती लवकर वाळत नाही. तेव्हा दोन-तीन दिवसांआड पाणी पुष्कळ होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी, ऊन चढतं आणि झाडावर फळं असतात. आता रोज पाणी लागेल, छोट्या कुंडीला कधी दिवसातून दोनदाही. एप्रिल-मे मध्ये फळं जवळपास थांबतात, झाड रनर सोडायला लागतं. तेव्हा हिरव्या शेडनेटची सावली, मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन आणि रोजचं पाणी, एवढ्यावर ते फक्त जगवायचं. आणि जून ते सप्टेंबर? कुंडी उघड्या गच्चीवर असेल तर तुमचा मग बाजूला ठेवा आणि कुंडी आडोशाला घ्या. पण तीच कुंडी स्लॅबखालच्या बाल्कनीत असेल तर तिला पावसाचा थेंब मिळत नाही, तिला मात्र अधूनमधून पाणी द्यावं लागेल. म्हणजे एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच मजल्यावरच्या दोन कुंड्यांची उत्तरं वेगळी. सांगा, यात "रोज एक" कुठे बसतं?

महाबळेश्वरच्या शेतकऱ्याकडे बघा. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, पुणं साधारण अठराशे. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे लोक काही नवशिके नाहीत. ते गादीवाफे करतात, कारण पाणी मुळाशी साचू नये. वर मल्चिंगचा कागद अंथरतात, कारण ओल टिकावी आणि फळ मातीला टेकू नये. खालून ठिबक, कारण पान आणि फळ भिजलं की बुरशी आलीच. आणि वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावात जुनं पीक पावसात उभं ठेवत नाहीत, पाऊस ओसरला की नवी रोपं लावतात. त्यांची निम्मी मेहनत पाणी देण्यात जाते आणि निम्मी पाणी काढून देण्यात. आपल्याला सल्ला मिळतो तो फक्त पहिल्या निम्म्याचा, तोही अर्धवट.

अर्धवट का, ते सांगतो. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या सहा इंचांत असतात. त्यामुळे ती लवकर तहानते हे खरं. पण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग पानं मलूल होतात. पान मलूल दिसलं की आपण काय करतो? आणखी एक मग! तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. म्हणून पान बघून पाणी घालणारासुद्धा फसतो. माहिती मातीत आहे, पानात नाही.

त्यात कुंडीखालची बशी. फरशी खराब होऊ नये म्हणून ठेवतो, आणि खाली गळालेलं पाणी तिथेच राहतं. झाड चोवीस तास पाण्यात पाय सोडून बसलेलं. वर डेंग्यूच्या डासांची सोय वेगळीच.

"एक मग" मधल्या "एक"चंही तसंच. रोज घोटभर पाणी घातलं तर वरचा थर ओला आणि खालची मुळं कोरडी राहू शकतात. शिवाय स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर घोटाघोटाने क्षार कुंडीत साठत जातात आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. ते बघून लोक पुन्हा म्हणतात, पाणी कमी पडलं :-)

तुम्ही म्हणाल, नवख्या माणसाला सोपा नियम नको का? ऋतूंचं कोष्टक पाठ करून कोण बसणार, आणि "रोज" म्हटलं नाही तर तो विसरूनच जाईल. मुद्दा बरोबर आहे. सवय रोजचीच हवी. पण सवय पाणी घालायची नको, बघायची हवी. रोज सकाळी तर्जनी मातीत पहिल्या पेरापर्यंत घाला. ओल लागली तर परत फिरा. कोरडं लागलं तर झारीने सावकाश, पानं न भिजवता, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला आणि बशी रिकामी करा. ज्यातून पानं फुटतात तो मधला गाभा मातीत बुजलेला नसावा, एवढं पाहा. झालं. हाही एकाच ओळीचा नियम आहे आणि बाराही महिने चालतो, कारण त्यात इनपुट आहे.

आमच्या जमातीतले काही लगेच म्हणतील, टायमर लावू, पंप लावू, मोबाईलवरून चालवू. हरकत नाही, पण मातीतली ओल न मोजणारा टायमर म्हणजे तोच "रोज एक मग", फक्त विजेवर चालणारा. माणूस निदान पाऊस पडताना मग खाली ठेवतो. टायमर तेही करत नाही.

रोप विकणाऱ्यांना एकच सांगणं आहे. लेबलवर "रोज पाणी" छापायला जेवढी शाई लागते, जवळपास तेवढ्यातच "बोट घालून बघा" छापता येतं. आणि घेणाऱ्यांना: येत्या ऑक्टोबरात रोप हातात देताना कुणी "रोज एक मग" म्हणालं, तर त्याला फक्त विचारा, "कुठल्या महिन्यात?"