तिकिटावर न्यूयॉर्क, उतरवलं नेवार्कला

ला गार्डिया विमानतळाचा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकला असेल. १९३४ चा नोव्हेंबर. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया विमानाने परतले, विमान नेहमीप्रमाणे नेवार्कला उतरलं आणि साहेब काही केल्या खुर्चीतून उठेनात. तिकिटावर न्यूयॉर्क लिहिलंय, हे तर न्यू जर्सी! शेवटी विमान पुन्हा उडालं आणि त्यांना ब्रुकलिनच्या फ्लॉइड बेनेट फील्डवर सोडून आलं. सोबत पत्रकार होतेच :)

किस्सा झकास आहे, पण माझ्या मते त्याच्यामागे खरी गोष्ट झाकली जाते. विमान ब्रुकलिनला उतरू शकलं, म्हणजे शहराकडे स्वतःचा विमानतळ होता की!

होता, १९३१ पासून. बॅरन आयलंड म्हणजे पूर्वी शहरातल्या मेलेल्या घोड्यांची विल्हेवाट लावायची जागा. तिथे भराव घालून महापालिकेने काँक्रीटच्या धावपट्ट्या बांधल्या. विक्रमवीरांची लाडकी जागा झाली ती. वायली पोस्ट १९३३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून इथेच उतरला. १९३८ मध्ये डग्लस कॉरिगन इथून कॅलिफोर्नियाला म्हणून निघाला आणि पोचला आयर्लंडला (होकायंत्र चुकलं म्हणे!). विक्रमवीर आले, पण प्रवासी विमानं काही येईनात.

कारण टपाल. तेव्हा विमान कंपन्यांचं पोट मुख्यतः पोस्टाच्या कंत्राटावर भरायचं. (आपल्याकडेही जेआरडी टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला आधी टपालच आणलं.) आणि न्यूयॉर्कच्या हवाई टपालाचं ठाणं होतं नेवार्क. शिवाय ब्रुकलिनच्या त्या टोकावरून मॅनहॅटन गाठायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये रखडणं आलं. धावपट्टी कितीही भारी असली तरी काय उपयोग?

ला गार्डियांनी टपाल इकडे वळवायची बरीच खटपट केली. पोस्टखातं बधलं नाही. आता इथे मला हा माणूस आवडतो. एवढा पैसा ओतलाय तर अजून थोडा ओतू, ही आपल्या प्रोजेक्ट मीटिंगमधली लाडकी पळवाट त्यांनी धरली नाही. सरळ जागा बदलली. क्वीन्समधला नॉर्थ बीच, जिथे आधी करमणुकीची बाग आणि मग एक छोटा विमानतळ होता, तो निवडला. रायकर्स आयलंडवरचा कचरा आणून खाडीत भराव घातला. केंद्र सरकारच्या रोजगार योजनेचा पैसा मिळवला. मुख्य म्हणजे, क्वीन्सहून मॅनहॅटनला जाणारा बोगदा तेव्हा होऊ घातला होता. १५ ऑक्टोबर १९३९ ला 'न्यूयॉर्क म्युनिसिपल एअरपोर्ट'चं उद्घाटन झालं; साहेबांचं नाव लगेचच जोडलं गेलं. विमानं बघायला गच्ची ठेवली होती, तिकीट दहा सेंट. हौशी लोक काय, सगळीकडे सारखेच!

फ्लॉइड बेनेट १९४१ मध्ये नौदलाकडे गेलं. १९७२ पासून ते एका राष्ट्रीय उद्यानक्षेत्राचा भाग आहे. जुन्या धावपट्ट्या शाबूत आहेत, त्यांच्यावर लोक सायकली चालवतात.