शेजारच्या मांडवात कोण जाणार?

“ते त्यांचे आहे हो, त्यात आपल्याला काय?” हे वाक्य गेल्या अकरा वर्षांत मी इतक्या वेळा ऐकले आहे की, परदेशस्थ मराठी माणसाचे बोधवाक्य म्हणून ते मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवर गणपतीच्या चित्राखाली छापावयास हरकत नसावी. २०२४ च्या सप्टेंबरात ते पुन्हा कानी आले, आणि ज्या प्रसंगी आले तो प्रसंग मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

मी मूळचा बेळगावचा. दक्षिण वेल्समध्ये टॅफ नदीच्या खोऱ्यात, कोळशाच्या बंद पडलेल्या खाणींच्या मुलखात, नोकरीनिमित्त राहतो. आमच्याकडे मराठी घरे थोडी. पण गणपती बसतो, आरत्या होतात, मोदक वळले जातात, आणि ज्याला घरी कधी गाता आले नाही तो येथे नाट्यगीत म्हणतो. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. समारोपाच्या भाषणात मंडळाच्या कार्याध्यक्षांनी मोठी खंत बोलून दाखविली. गावातील शेजाऱ्यांना, शाळांना, नगरपालिकेच्या सभासदांना आग्रहाची निमंत्रणे धाडली असता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही माणसे आली नाहीत! “ह्या लोकांना दुसऱ्याच्या संस्कृतीविषयी कुतूहलच नाही,” हा त्यांचा निष्कर्ष. टाळ्या पडल्या. जेवणाच्या पंगतीत मी सहज विचारले, “गेल्या महिन्यात सहा मैलांवर पॉन्टिप्रिथला आयस्तेद्वोद झाले. आपल्यापैकी कोण कोण गेले होते?” उत्तर वर दिलेच आहे.

वाचकांपैकी अनेकांना हे नाव नवे असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आयस्तेद्वोद म्हणजे वेल्श लोकांचा साहित्य-संगीताचा वार्षिक महोत्सव. राष्ट्रीय स्वरूपात तो १८६१ पासून भरत आला आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, एका वर्षी उत्तरेस तर एका वर्षी दक्षिणेस, असा तो गावोगाव फिरतो. आपले साहित्य संमेलन १९६१ साली ग्वाल्हेरीस आणि १९६४ साली मडगावी गेले होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे व्यासपीठावर मंत्री कमी आणि गाणारे अधिक. आठ दिवस मोठे मैदान मांडवांनी भरून जाते. एका मांडवात पुरुषांचे वृंदगान, दुसऱ्यात लहान मुलांचे काव्यपठन, तिसऱ्यात लाकडी तळांचे जोडे घालून चाललेले नृत्य, आणि मध्ये वेल्सचा न चुकणारा पाऊस व त्यातून होणारा चिखल. २०२४ साली हे सारे पॉन्टिप्रिथच्या नदीकाठच्या उद्यानात होते. वेल्सचे राष्ट्रगीत १८५६ साली ह्याच गावात इव्हान आणि जेम्स जेम्स ह्या पितापुत्रांनी रचले. त्यांचे स्मारकही त्याच उद्यानात आहे.

तेथे ‘केर्द दांत’ नावाचा एक गानप्रकार ऐकावयास मिळतो. वाद्य हार्प. त्यावर एक परिचित चाल सुरू होते आणि चालतच राहते. गायक थोडा थांबून, काही मात्रा सोडून, कवितेचे शब्द घेऊन आत शिरतो. पण त्याची चाल वेगळी असते. दोन्ही चाली एकमेकींना न तुडवता शेजारून चालतात आणि अखेरीस दोघांनी एकाच क्षणी मुक्कामाला पोचलेच पाहिजे. ज्याच्या कानांनी आयुष्यात एकदा तरी समेची वाट पाहिली आहे, त्याला हे कळण्यासाठी वेल्श भाषेचा एक शब्दही यावा लागत नाही. आणि आमची मंडळी म्हणतात, “भाषा समजत नाही, जाऊन करावयाचे काय?”

ह्या सबबीचा समाचार घेतलाच पाहिजे. पहिली गोष्ट, मुख्य मांडवात भाषांतर कानाला लावून ऐकण्याची सोय असते. दुसरी गोष्ट अशी की, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात १९५३ पासून जे हजारो लोक रात्री जागवीत आले, त्यांतील किती जणांना ख्यालातील ब्रज शब्दांचा अर्थ लागत होता? शब्द न कळता आपण पिढ्यान्पिढ्या माना डोलावीत आलो आहोत. ग्लास्टनबरीच्या चिखलात तीन दिवस लोळून येणारी आमची तरुण मंडळीही तेथील प्रत्येक ओळीचा अर्थ लावीत बसतात असे मला दिसलेले नाही. अडचण भाषेची नाहीच. ग्लास्टनबरीवर जगाची मोहोर उठलेली आहे. शेजाऱ्याच्या गाण्यावर ती नाही. ज्यावर जगाने शिक्का मारला आहे तेवढेच ऐकावयाचे, ही रसिकता नसून शुद्ध बाजारबुद्धी होय.

दुसरा आक्षेप जरा विद्वत्तापूर्ण असतो. आयस्तेद्वोदच्या व्यासपीठावर फक्त वेल्श भाषाच चालते. १९५० साली केअरफिलीच्या महोत्सवापासून हा नियम कसोशीने पाळला जातो. आमच्यातील एक सुशिक्षित गृहस्थ ह्याला संकुचितपणा म्हणतात. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो! हेच गृहस्थ बेळगावच्या दुकानांवरील पाट्यांविषयी दोन तास बोलू शकतात. १९११ च्या शिरगणतीत वेल्समधील शेकडा ४३.५ लोक वेल्श बोलत होते; २०२१ मध्ये ते प्रमाण १७.८ वर आले. लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून १९६५ साली कापेल केलिन नावाचे एक वेल्शभाषी खेडे तलावाखाली बुडाले. गोव्याच्या वाचकांना ह्याचे वेगळे भाष्य नको. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावलीच्या पाण्याखाली गेलेले त्यांनी पाहिले आहे. अशा भाषेने वर्षातून आठ दिवस एका मैदानाभोवती कुंपण घालून “येथे तरी मी बोलणार” असे म्हटले, तर तो हट्ट आपल्याला कळावयास नको काय? मराठी आणि कोंकणी ह्या दोन भाषांत निघणाऱ्या नियतकालिकाच्या वाचकाला तो कळणार नाही, तर मग कोणाला?

ह्या भाषेची पीछेहाट केवळ दडपशाहीने झाली असे नाही. कोळशाच्या भरभराटीत दुरून माणसे आली, येथे राहिली, येथे मिळविले. आणि शेजाऱ्याची भाषा ऐकण्याची गरज त्यांतील बहुतेकांना कधी पडली नाही. कोणी वाईट नव्हते. प्रत्येक जण फक्त एवढेच म्हणत होता की ते त्यांचे आहे, त्यात आपल्याला काय. आज त्या न ऐकणाऱ्यांच्या रांगेत आम्हीही जाऊन उभे राहिलो आहोत.

ह्याच खोऱ्यांत एका परक्याने काय केले ते पाहा. पॉल रोब्सन हा अमेरिकन कृष्णवर्णीय गायक लंडनमध्ये राहत असता वेल्श खाणकामगारांच्या संगतीत आला आणि आयुष्यभर त्यांचा झाला. पुढे त्याच्या सरकारने त्याचे पारपत्र अडवून धरले, तेव्हा १९५७ साली तो न्यूयॉर्कमध्ये बसून अटलांटिकखालील टेलिफोनच्या तारेतून पोर्थकॉल येथील खाणकामगारांच्या आयस्तेद्वोदसाठी गायिला. इकडून हजारो कंठांनी त्याला गाऊन उत्तर दिले. पारपत्र मिळताच, १९५८ साली, तो एबू व्हेलच्या राष्ट्रीय आयस्तेद्वोदला स्वतः हजर झाला. वेल्श ही काही त्याची मातृभाषा नव्हती. तथापि प्रार्थनामंदिरातले चौपदरी गाणे आणि कष्टकऱ्याचा आवाज त्याने ओळखला. ओळखावयास तो त्यांच्या जवळ गेला होता हे महत्त्वाचे.

आता तिसरी भीती: दुसऱ्याचे ऐकता ऐकता आपले विसरू. ह्या भीतीला उत्तर द्यावयास वेल्सपर्यंत येण्याचेही कारण नाही. ह्या नियतकालिकाचे अर्धे वाचक ज्या मुलखात राहतात तेथेच ते आहे. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेला, कानडी मातृभाषेचा एक तरुण गवई १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन हवापालटासाठी देवासला जाऊन राहिला. गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने बाहेरून कानी येणारी माळव्यातील बायकांची गाणी ऐकली. ऐकली, टिपली, त्यांतले सूर उलगडले, आणि त्यांतून रागच्या राग उभे केले. कुमार गंधर्वांचे ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाले, त्यात ही कमाई आहे. माळव्यात येऊन ते स्वतःचे गाणे विसरले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? पण मला अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या आधी दोनशे वर्षे मराठी घरे माळव्यात नांदत होती. तीच गाणी त्यांच्याही खिडक्यांखालून जात होती. किती जणांनी कान दिला?

इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी रागावू नये. बेळगावकराने तरी कानडी शेजाऱ्याकडे किती कान दिला, हे मला चांगले ठाऊक आहे. मी त्यांतलाच एक आहे.

आणि वेल्समध्येही मी काही शहाणा नव्हतो. माझ्या घराच्या मागे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. दर मंगळवारी सायंकाळी तेथे वृंदगानाची तालीम चाले, आणि मी, संगीताचा भोक्ता म्हणविणारा, खिडकी लावून मालकंसाची ध्वनिमुद्रिका ऐकत बसे. शेजारी एक वृद्ध खाणकामगार राहतात. त्यांनी अनेकदा बोलावले. मी अनेकदा ‘पुढच्या खेपेस’ म्हटले. २०२४ च्या ऑगस्टात त्यांना आधारावाचून चालणे कठीण झाले होते, म्हणून केवळ हात धरावयास मी त्यांच्याबरोबर पॉन्टिप्रिथला गेलो. आपण होऊन गेलो असतो तर अकरा ऑगस्ट ऐकावयास मिळाले असते.

त्या शुक्रवारी खुर्चीचा समारंभ होता. छंदोबद्ध दीर्घ काव्याच्या स्पर्धेतील विजेत्याला कोरीव लाकडी खुर्ची देतात. त्या छंदाला ‘कंगहानेद’ म्हणतात. ओळीओळीत व्यंजनांचे पडसाद ठरलेल्या क्रमाने उमटलेच पाहिजेत, इतका कडक की मोरोपंतांनाही घाम फुटावा. कवी टोपणनावाने स्पर्धेत उतरतो. योग्यतेचे काव्य न आल्यास खुर्ची कोणालाच देत नाहीत, ही प्रथा आमच्या पुरस्कार समित्यांनी अवश्य उसनी घ्यावी. १९१७ साली बर्कनहेड येथे टोपणनाव पुकारले गेले, पण कोणी उठले नाही. तो कवी, हेद विन, ३१ जुलैलाच फ्लँडर्सच्या रणांगणावर पडला होता. रिकाम्या खुर्चीवर काळे वस्त्र घातले गेले. शेजारच्या म्हाताऱ्यांनी ही हकीकत मला रांगेत उभ्या उभ्या, काल घडल्यासारखी सांगितली.

झगे घातलेले पुरोहित, तलवार, शिंगे हा थाट मला प्रथम नाटकी वाटला. तो फार प्राचीनही नाही. इओलो मोर्गानुग नावाच्या अवलियाने तो १७९२ साली चक्क लंडनमध्ये, एका टेकडीवर सुरू केला. म्हणजे परगावी राहणाऱ्या माणसाच्या घरओढीतून ही प्रथा जन्मली! मग मी हसणे आवरले. आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी १८९३ चाच आहे.

कवी उभा राहिला. त्याच्या डोक्यावर तलवार धरून ती म्यानातून अर्धीच उपसली, आणि मुख्य पुरोहिताने सभेला विचारले, “शांती आहे काय?” असे तीनदा विचारतात आणि तीनदा साऱ्या सभेने ‘हेदुख’ असे गर्जून उत्तर द्यावयाचे असते. हेदुख म्हणजे शांती. मराठी कानाला तो शब्द अगदी ‘हे दुःख’ असा ऐकू येतो. पहिल्या वेळी मी दचकलो, दुसऱ्या वेळी ओठ हलविले, आणि तिसऱ्या वेळी माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या म्हाताऱ्यांनी वळून पाहिले.

चालू वर्षीच्या गणपतीला ते आमच्या मांडवात आले होते. कार्याध्यक्षांनी मोठ्या आनंदाने त्यांना पुढच्या रांगेत बसविले आणि मला विचारले, “ह्यांना कसे काय आणलेत?”