जिवाणूचे बारसे

पिंपरीच्या मातीतून मिळालेल्या एका जिवाणूला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ हे नाव देण्यात आले आणि त्यापासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हमायसिन हे बुरशीनाशक औषध सिद्ध झाले. गावाचे नाव विज्ञानाच्या दप्तरी लागले, याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि असे बारसे आज किती कष्टाने होते, याची कल्पना थोड्यांनाच असते.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू नांदतात. त्यांतील बहुसंख्य प्रयोगशाळेतील पोषकद्रव्यावर वाढतच नाहीत. जो वाढतो त्याची शुद्ध वसाहत वेगळी काढून आकार, आहार व पेशीतील घटक तपासावे लागतात. मग १६-एस या जनुकाची ज्ञात जातींशी तुलना होते. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी भरल्यास नव्या जातीची शक्यता बळावते. अधिक भरल्यास संपूर्ण जनुकसंच ताडून निवाडा करावा लागतो. एवढ्यानेही भागत नाही. नाव मान्य होण्यासाठी जिवंत नमुना दोन भिन्न देशांतील संग्रहांत ठेवणे बंधनकारक आहे.

हा नियम कोणास जाचक वाटेल. परंतु त्यामागे अनुभव आहे. १९८० साली मान्य नावांची यादी सिद्ध झाली, तेव्हा हजारो जुनी नावे गळून सुमारे अडीच हजारच उरली. वर्णन अपुरे आणि नमुना हरवलेला, तर नाव म्हणजे रिकाम्या घरावरची पाटी! केवळ जनुकक्रमावरून नामकरण करू देणारी निराळी संहिता २०२२ मध्ये आली. न वाढणाऱ्या जिवाणूंसाठी ती उपकारकच आहे. पण जो वाढविता येतो, त्यालाही कागदावरच ठेवणे हा आळस ठरेल. जिवाणूचे वर्तन पडताळण्यास अखेर जिवंत नमुनाच लागतो.

भारतीय संशोधकापुढे आणखी एक पेच आहे. नमुना परदेशी पाठवावयाचा, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील मंजुरीचा प्रश्न उभा राहतो. उलट, संग्रहातील नमुना सर्वांना निर्बंधाविना मिळावा, अशी विज्ञानजगताची अपेक्षा असते. देशाच्या जैवसंपत्तीचे रक्षण झालेच पाहिजे, यात दुमत नाही. मात्र व्यापारासाठी नेलेला जिवाणू आणि वर्गीकरणासाठी ठेवलेला जिवाणू यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे. दुसऱ्या प्रकारची परवानगी ठरावीक मुदतीत मिळाली पाहिजे. अन्यथा आपल्याच मातीतला जीव आपल्याच प्रयोगशाळेत निनावी पडून राहील, आणि त्याने कोणाचेही रक्षण होणार नाही.