टच मी नॉट!

‘नमस्कार सर, मी तताततडीने रिपोर्ट पाठवतते.’

सोमवारी सकाळी नऊ वाजता बॉसला गेलेला हा माझा मेल. बॉसचं उत्तर एका ओळीचं : ‘अजून झोपेत आहेस का?’ झोपेत मी नव्हते, माझा कीबोर्ड होता. ‘त’ एकदा दाबला की दोनदा उमटायचा. पुढच्या आठवड्यात ५ चा आकडाही तेच करायला लागला. पासवर्डमध्ये ५ होता. तीन वेळा अकाउंट लॉक झालं आणि तिसऱ्यांदा बॉसचा फोन आला, “तिकडून जमत नसेल तर पुण्याला ये परत.”

हे २०२१ सालचं. लॉकडाऊनमध्ये पुण्याचा फ्लॅट सोडून मी मालवणला आजीच्या घरी येऊन बसले होते. समोर माड, मागे विहीर, दुपारच्या जेवणाला सोलकढी. सॉलिड लाइफ होतं! ते सगळं एका ‘त’पायी सोडायचं? आणि कीबोर्ड काही साधासुधा नव्हता. पहिल्या बोनसमधून घेतलेला, पाच हजारांचा, टकटक वाजणारा मेकॅनिकल. वय वर्षं दीड.

बाजारातल्या रिपेअरवाल्या काकांनी एक की उपटून आत टॉर्च मारला आणि हसले. “ह्या वाऱ्याक किंमत कळना नाय गो बाय. पाचशेचो आसो नायतर पाच हजारांचो.”

मिठाची बरणी

काकांचं म्हणणं समजून घ्यायचं तर कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा. जून उजाडला की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. मग आजी त्यात तांदळाचे दाणे टाकते. कारण सरळ आहे : हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यात स्वतःच विरघळायला लागतं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ही पातळी आठवडेच्या आठवडे ओलांडलेली असते. लाटा फुटताना उडणारे खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर घरात येतात, फ्रिजच्या मागे, गाडीच्या चेनवर, खिडकीच्या बिजागऱ्यांवर बसतात. कीबोर्डच्या आतही.

आता नेहमीच्या मेकॅनिकल स्विचमध्ये काय असतं? धातूच्या दोन छोट्या पात्या. की दाबली की त्या एकमेकींना भिडतात, सर्किट पूर्ण होतं, अक्षर उमटतं. म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणाचाच फंडा. चांगल्या स्विचमध्ये या पात्यांच्या टोकांना सोन्याचा मिश्रधातूही लावतात, कारण सोनं गंजत नाही. पण मिठाचा कण किंवा धूळ मध्ये अडकली तर सोनं तरी काय करणार? पात्या नीट भिडत नाहीत. लागलं, सुटलं, पुन्हा लागलं असा प्रकार होतो.

खरं तर नव्याकोऱ्या स्विचमध्येही पात्या भिडताना थोड्या थरथरतातच. म्हणून कीबोर्डमधली चिप पहिल्या सिग्नलनंतर काही मिलिसेकंद कानाडोळा करते. नवीन असताना तेवढं पुरतं. पात्या खराब झाल्या की थरथर लांबते, चिपला वाटतं की तुम्ही दोनदा दाबलंत, आणि ‘तातडीने’ची ‘तताततडीने’ होते.

थोडक्यात, भानगड ‘भिडण्यात’ आहे. मग न भिडणारा स्विच असेल तर?

मधली काकू

असा स्विच असतो, आणि तोही चांगला जुना. त्याला म्हणतात कपॅसिटिव्ह स्विच. नाव ऐकून घाबरू नका. पंखा हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन ‘कंडेन्सर गेला’ म्हणतो ना? तो कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर. विजेचे दोन वाहक शेजारी शेजारी, पण एकमेकांना न चिकटलेले. मधे हवा, प्लास्टिक किंवा असंच काही. दोघांमधून थेट वीज जात नाही, पण एकाच्या अंगावरच्या बदलत्या व्होल्टेजची दखल दुसरा घेतो. अंतर कमी केलं की ही दखल वाढते.

जपानच्या टोप्रे कंपनीचा स्विच या जातीतला सगळ्यात नावाजलेला. गंमत म्हणजे टोप्रेचा मुख्य धंदा मोटारींचे पत्र्याचे भाग बनवण्याचा! त्यांच्या रिअलफोर्स कीबोर्डमध्ये प्रत्येक कीच्या खाली सर्किट बोर्डवर तांब्याचे दोन पॅड असतात, एकमेकांपासून वेगळे. त्यांच्यावर शंकूच्या आकाराची एक बारीक स्प्रिंग, आणि स्प्रिंगवर रबराची टोपी. की दाबली की टोपी दबते आणि स्प्रिंग चपटी होत पॅडच्या जवळ येते.

वाडीतली दोन घरं डोळ्यांसमोर आणा. बांधावरून भांडण, बोलणं बंद. पण मधल्या घरातली काकू दोन्हीकडे जाते-येते. काकू लांब असली की इकडची बातमी तिकडे पोचत नाही. काकू जितकी जवळ, तितकी बातमी मोठ्याने! स्प्रिंग ही ती काकू. चिप एका पॅडमध्ये सिग्नल सोडते आणि दुसऱ्या पॅडवर तो किती जोरात ऐकू येतो ते मोजते. ठरलेल्या पातळीच्या वर गेला की समजायचं, की दाबली. ही तपासणी प्रत्येक कीसाठी सेकंदाला शेकडो वेळा चालते.

की एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण निम्म्या वाटेवरच उमटतं. ही निम्मी वाट बदलताही येते. काही मॉडेल्समध्ये १.५, २.२ किंवा ३ मिलिमीटर असं तुम्ही ठरवायचं. दिव्याच्या बटणाला फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ कळतं. इथे चिपला ‘किती’ कळतं. की दाबल्याची पातळी आणि सोडल्याची पातळी वेगवेगळी ठेवतात, म्हणून बोट जरा डळमळलं तरी अक्षर डबल पडत नाही.

पण आपल्या किनाऱ्यासाठी खरी बात पुढे आहे. भिडणाऱ्या पात्यांना उघडं राहावंच लागतं. धातूला धातू लागल्याशिवाय वीज जाणार कशी? आणि उघडं राहिलं की खारा वारा लागणारच. कपॅसिटरच्या पॅडला मात्र उघडं राहायची गरज नाही. त्याच्यावर लाखेसारखा पातळ थर दिला तरी काम तसंच चालतं. आपल्याकडे छत्रीशिवाय पावसात कोण जातं? मग तांब्यानेच का जावं!

अमेरिका, टोकियो, कुडाळ

ही आयडिया टोप्रेची नव्हे. आयबीएमने १९८१ मध्ये पहिला पीसी आणला, त्याच्यासोबतचा ‘मॉडेल एफ’ कीबोर्ड कपॅसिटिव्हच होता. त्यात रबर नव्हतं. की दाबली की एक उंच स्प्रिंग कडेला वाकायची आणि खालचं पातं बोर्डवरच्या पॅडवर झुकायचं. तो बनवणं महाग पडत होतं, म्हणून १९८५ च्या सुमारास आलेल्या ‘मॉडेल एम’मध्ये आयबीएमने स्वस्त मेम्ब्रेन घातलं. टोप्रेचा रिअलफोर्स आला २००१ मध्ये. प्रोग्रामर मंडळी ज्याच्या नावाने शपथ घेतात, त्या ‘हॅपी हॅकिंग कीबोर्ड’मध्ये टोप्रेचे स्विच २००३ पासून आहेत.

टोप्रेला मेकॅनिकल म्हणायचं की नाही, यावर कीबोर्डवेडे तासन्‌ तास भांडू शकतात. रबराची टोपी आहे म्हणून एक गट नाक मुरडतो, स्प्रिंग आहे म्हणून दुसरा आत घेतो. मालवणी जेवणात बटाटा घातलेल्या कालवणाला कालवण म्हणायचं का, त्यातलाच हा वाद. आपण पुढे जाऊ.

माझा मावसभाऊ टोकियोला नोकरीला आहे. त्याने त्याचा जुना कपॅसिटिव्ह कीबोर्ड मला दिला. नवा मागवायचा तर कस्टम ड्यूटी धरून पाव लाखाच्या घरात जातो, आणि तेवढ्यात आमच्या घराची कौलं शाकारून होतील. बोट ठेवल्यावर पहिला फील मऊ, मग हलकासा ‘थप्प’. वाळूवर नारळ पडावा तसा आवाज. बॉसला गेलेल्या पुढच्या मेलमध्ये प्रत्येक ‘त’ एकेकटा होता.

मोठ्या तोऱ्यात मी तो कुडाळच्या आत्याला दाखवायला नेला. आत्याची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. पूर्वी तिथे गोदरेजचे टाइपरायटर खडखडायचे. गोदरेज अँड बॉइसने २००९ मध्ये त्यांचं उत्पादन थांबवलं. आता संगणक आहेत आणि राज्य परीक्षा परिषदेच्या कॉम्प्युटर टायपिंगच्या परीक्षेसाठी मुलं येतात. मराठीला मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग लागतो. तिथे ‘त’ डबल पडला तर बॉस ओरडत नाही, थेट मार्क जातात. त्या मार्कांवर कुणाची तरी क्लार्कची नोकरी अवलंबून असते.

आत्याने माझ्या कीबोर्डवर चार ओळी मारल्या, किंमत विचारली आणि समोर बोट दाखवलं. “हे बघ, साडेतीनशेचे. सा वर्षां झाली. काय एक झाला नाय.”

माझा तोरा तिथेच उतरला. पण आत्याच्या म्हणण्याला आधार आहे. स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये संपर्क असतो खरा, पण तो प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांच्या आत, जवळजवळ बंद पाकिटात. खारा वारा तिथे सहज पोचत नाही. माझ्या पाच हजारांच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कीखाली एक खिडकी उघडी होती. म्हणजे हिशेब महाग-स्वस्तचा नाहीच. उघड्या आणि झाकलेल्याचा आहे.

मग घ्यायचा का?

कपॅसिटिव्ह कीबोर्ड म्हणजे अमृत प्यायलेला नव्हे. त्याचा एक वीक पॉइंट आहे : पाणी. कपॅसिटरच्या हिशेबात हवेचा आकडा १ धरला तर पाण्याचा साधारण ८०. कपभर चहा आत गेला की काकूच्या जागी अख्खी वाडी येऊन बसते, आणि चिपला काही कळेनासं होतं. दमट हवा चालते, सांडलेला चहा चालत नाही. शिवाय यूएसबीच्या टोकाला धातू उघडाच असतो. माझा कीबोर्ड ठणठणीत राहिला, पण दोन पावसाळ्यांत यूएसबी हब हिरवा पडला. काकांकडे गेले तर ते पुन्हा हसले.

किनाऱ्यावर बसून दिवसाला आठ तास टाइप करत असाल आणि बजेट असेल, तर न भिडणारा स्विच जरूर बघा. टोप्रे परवडत नसेल तर चिनी कंपन्यांचे त्याच तत्त्वावरचे कीबोर्ड स्वस्तात मिळतात. गेल्या काही वर्षांत गेमिंगवाल्यांमुळे लोहचुंबकाचे ‘हॉल इफेक्ट’ कीबोर्डही बरेच आलेत. त्यातही काही भिडत नाही, चुंबक किती जवळ आला तेवढं मोजलं जातं. बजेट नसेल तर आत्याचं ऐका : साधा मेम्ब्रेन घ्या, रात्री त्यावर सुती कापड टाका आणि बाकीच्या पैशांचे बांगडे आणा.

मी अजून मालवणलाच आहे. जुना कीबोर्ड माळ्यावर टाकलाय. परवा सहज म्हणून लावून बघितला. आता ‘त’ एकदाही उमटत नाही.