घरचा साबण, घरची चूल आणि सरकारचा परवाना

घरीं साबण करावा असें कोणीं सुचविलें कीं आमच्या सुशिक्षित मंडळींस प्रथम हंसूं येतें. कोपऱ्यावरच्या दुकानांत दहा रंगांच्या व दहा वासांच्या वड्या मांडून ठेविल्या असतां घरांत खार आणि तेल ढवळीत बसणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असा त्यांचा अभिप्राय असतो. हीच मंडळी घरच्या लोणच्याची गोष्ट निघाली म्हणजे मात्र गहिंवरून बोलूं लागतात. लोणचें घरचें तें गोड आणि साबण घरचा तो हास्यास्पद, हा भेद कोणत्या न्यायानें केला जातो, हें आम्हांस आजवर उमगलेलें नाहीं. म्हणून या दोन्हीं घरगुती कामांविषयीं आज एकत्रच लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८८८ मध्यें कलकत्त्याच्या बंदरांत विलायती ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या उतरल्या. आमच्या घरांतून त्या काळीं रिठा, शिकेकाई, राखेचें पाणी व डाळीचें पीठ यांवर काम भागत असे. पुढें १९०५ सालीं स्वदेशीची चळवळ उभी राहिली. १९१६ सालीं बंगळूर येथें म्हैसूर सरकारचा साबणाचा कारखाना निघाला. आणि त्यानंतर लवकरच मुंबईच्या गोदरेज यांनीं जनावराची चरबी न वापरतां केवळ वनस्पतितेलाचा साबण करून दाखविला. या सर्वांचें ऋण आम्हीं मान्य करतों. परंतु वेष्टणावरचें नांव वाचून पैसे मोजले म्हणजे स्वदेशी झाली, अशी समजूत हळूहळू रूढ झाली, हें इष्ट नव्हे. वस्तु कोणत्या द्रव्यांची व कोणत्या रीतीनें होते, हें ज्ञान घरांत येणें हा स्वदेशीचा अधिक महत्त्वाचा अर्धा भाग आहे. आजहि आपल्या देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयात तेलानें भागते. असें असतां सणावारीं तळणीचें उरलेलें तेल कोठें जातें? एक तर तें पुनःपुन्हा तापवून पोटांत घालतात, नाहीं तर मोरींत ओततात. पहिल्यानें प्रकृतीची हानि, दुसऱ्यानें नळ व नाले तुंबण्याची तरतूद.

या तेलाचा कपडे धुण्याचा साबण उत्तम होतो. तेल व कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला कीं साबण आणि ग्लिसरीन हीं दोन द्रव्यें निर्माण होतात. कारखान्यांत पुष्कळदां ग्लिसरीन वेगळें काढून विकतात, घरच्या वडींत तें तसेंच राहतें. फडक्यांतून गाळलेलें शेंगदाण्याचें तेल ७०० ग्रॅम व खोबरेल ३०० ग्रॅम घेतलें, तर त्यांस सोडा सुमारें १४२ ग्रॅम आणि पाणी सुमारें ३३० ग्रॅम लागतें. शेंकडा पांच भाग तेल मोकळें राहावें, म्हणून सोडा हिशेबापेक्षां थोडा कमीच धरला आहे. तेल बदललें कीं सोड्याचें मानहि बदलतें; नुसत्या खोबरेलास तो बराच अधिक लागतो. सोड्याचें पाणी व तेल दोन्हीं कोमट झालीं म्हणजे एकत्र करून ढवळावें. ढवळतांना पृष्ठभागावर रेघ उमटून राहूं लागली कीं मिश्रण कागद घातलेल्या लांकडी साच्यांत ओतावें. एक-दोन दिवसांनीं वड्या पाडाव्या व हवेशीर फळीवर चार ते सहा आठवडे सुकूं द्याव्या. ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणणाऱ्या उतावळ्यांचें हें काम नव्हे.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. कॉस्टिक सोडा हा कातडी व डोळे जाळणारा पदार्थ आहे. सोडा पाण्यांत थोडाथोडा टाकावा, पाणी सोड्यावर कधींहि ओतूं नये. भांडें स्टीलचें असावें. ॲल्युमिनियमला सोडा खाऊन टाकतो. हातमोजे व चष्मा घातल्यावांचून डबा उघडूं नये, मुलांस जवळ येऊं देऊं नये, आणि या कामाचीं भांडीं पुन्हा स्वयंपाकांत घेऊं नयेत. सर्वांत महत्त्वाचें उपकरण म्हणजे ग्रॅम दाखविणारा वजनकांटा. आमच्या घरचा पहिला घाणा बिघडला तो वाटीनें मापल्यामुळें. वड्या दिसावयास सुरेख झाल्या. पण हात चुरचुरूं लागले आणि सर्व माल टाकून द्यावा लागला. अंदाज हा साक्षीदार कोर्टांत जितका अविश्वसनीय, तितकाच साबणांत. दुसरा घाणा कांट्यानें केला. त्यांतली पहिली वडी फेसाळली तेव्हां घरांतील लहानथोर सर्व मोरीपाशीं जमले होते. दुकानांतल्या कोणत्याहि वडीनें आमच्या घरीं इतका आनंद आणला नव्हता.

उपकरणांची हीच गोष्ट स्वयंपाकास लागू आहे. पुष्कळ घरांतून बोथट विळी, डुगडुगणारा पोळपाट आणि खिळा सैल झालेली सांडशी यांवर गृहिणीचीं वर्षेंच्या वर्षें जातात. विळीस धार लावून आणणें हें पांच मिनिटांचें काम. पण तें रोज भाजी चिरणारीच्या वांट्याचें, म्हणून घरांत कोणास सुचत नाहीं. त्याच घरांत दोन वर्षें झालीं कीं यजमानांचा मोबाईल जुना ठरतो! १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें वर्ध्याच्या मगनवाडींत तेलघाणी व हातकागद यांच्या जोडीला धूर कमी करणाऱ्या चुलीचाहि विचार केला, तो याच जाणिवेनें. चुलीपुढचे श्रम हलके करणें हें देशकार्यच आहे.

कोणी म्हणेल कीं, आधींच स्त्रियांच्या डोक्यावर कामांचा भार, त्यांत तुम्हीं साबणाची भर घालतां. हा आक्षेप खरा आहे, आणि तो पुरुषांनीं काढावा याचें आम्हांस समाधान वाटतें. कारण त्याचें उत्तर त्यांच्याच हातीं आहे. साबणास लागतें तें वजन, सावधपणा व धीर. यांपैकीं एकहि गुण स्त्रियांचा मक्ता नाहीं. रविवारीं सकाळीं घरच्या पुरुषानें कांटा व चष्मा घेऊन बसावें, मुलास हिशेब करावयास सांगावें, आणि शेवटीं भांडींहि आपणच घासावीं. जें काम एकट्या बाईवर लादलें जातें तो वेठबिगार. तेंच काम घरानें वांटून घेतलें म्हणजे आनंद.

आतां कायद्याविषयीं. स्वतःच्या वापरासाठीं साबण करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. परंतु एखाद्या भगिनीनें अंगाचे वीस-पंचवीस साबण करून विकावयाचें मनांत आणलें, कीं १९४० चा औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांचा कायदा पुढें उभा राहतो. प्रसाधनाच्या व्याख्येंतून साबण पूर्वीं वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीनें ती सवलत गेली. २०२० च्या नियमांप्रमाणें विक्रीसाठीं प्रसाधन करणाऱ्यास परवाना पाहिजे, आणि त्यासाठीं जागा व यंत्रसामग्री यांच्या अटी पुऱ्या केल्या पाहिजेत. उलट २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पापड-लोणचीं करणाऱ्या लहान उत्पादकास परवान्याऐवजीं साधी नोंदणी पुरते. जें पोटांत जातें त्यास नोंदणी, आणि जें अंगावरून वाहून जातें त्यास परवाना! या भेदाचें समर्थन आम्हांस सांपडत नाहीं.

नियम मुळींच नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. चुरचुरणारी वडी आम्हीं स्वतः पाहिली आहे. आमची मागणी एवढीच कीं, ठराविक मर्यादेपर्यंत घरीं साबण करून विकणाऱ्यांसाठीं अन्नाच्या धर्तीवर नोंदणीची एक पायरी असावी. वडीवर घटक, वजन, तारीख व करणाऱ्याचें नांव असावें. वर्षांतून एकदां नमुना तपासला जावा. आणि सोडा हाताळण्याचें शिक्षण नोंदणीपूर्वीं सक्तीचें असावें. यानें ग्राहकाचें रक्षण होईल आणि आज चोरून होणारी विक्री उजेडांत येईल. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कार्यक्षेत्रांत अखाद्य तेलांच्या साबणाचा उद्योग पूर्वींपासून आहे. हें शिक्षण देण्यास त्याहून योग्य संस्था कोणती?

सरकारनें काय करावें तें सांगितलें. वाचकांनीं काय करावें, तें याहून सोपें आहे. पुढल्या तळणीचें तेल मोरींत ओतूं नये, आणि घरची विळी आजच धार लावावयास द्यावी.