बारसं झालेली स्क्रिप्ट

परवा शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत बसलो होतो. 'एजंटिक' हा शब्द किती वेळा येतो ते मोजायला. पाऊण तासात सत्तावीस! आणि चर्चा कशाबद्दल, तर रोज रात्री दोनला चालणारी आमची जुनीच स्क्रिप्ट. बिचारीचं नव्याने बारसं झालं, एवढंच.

हा खेळ काही माझा शोध नाही बरं का. बझवर्ड बिंगोची गंमत १९९४ सालीच डिल्बर्टमध्ये येऊन गेलीय. शब्द तेवढे बदलतात. मी कॉलेजात होतो तेव्हा 'वेब २.०'ची चलती होती. २००४ च्या ओ'रायलीच्या परिषदेनंतर तो जिकडेतिकडे झाला. आज कोणी तोंडातून काढत नाही. 'क्लाऊड'ची तर २००८ मध्ये खुद्द लॅरी एलिसनने टर उडवली होती, पण तो टिकला. इतका मुरला की आता नळाच्या पाण्याइतकंच त्याचं कौतुक उरलंय. आणि 'ब्लॉकचेन'? डिसेंबर २०१७ मध्ये बाटलीबंद आइस टी विकणाऱ्या 'लाँग आयलंड आइस्ड टी'ने नाव बदलून 'लाँग ब्लॉकचेन' केलं आणि शेअर एका दिवसात दुपटीच्या वर गेला. चहा तोच! पुढच्याच वर्षी नॅसडॅकने कंपनीला यादीतून काढलं.

इथवर हसायला ठीक आहे. पण एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात आहे, ती आज लिहून टाकतो.

'डेव्हऑप्स' हा शब्द २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंटला भरलेल्या 'डेव्हऑप्स डेज'पासून रूढ झाला. अर्थ साधा आणि चांगला: कोड लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे यांनी एकमेकांवर ढकलाढकली न करता मिळून काम करावं. म्हणजे कामाची एक पद्धत. पाच-सात वर्षांत त्याची पोस्ट झाली, मग बायोडेटातली ओळ झाली, आणि मग इंटरव्ह्यूच्या फॉर्मवरचा रकाना.

त्याच दिवसांत मी एका पॅनेलवर होतो. समोर चाळिशी ओलांडलेले गृहस्थ. बायोडेटात 'बिल्ड आणि रिलीज' असं जुन्या वळणाचं लिहिलेलं. त्यांनी कोड चेक-इन झाला की आपोआप बिल्ड, टेस्ट, सर्व्हरवर चढवणं, आणि बिघडलंच तर मागची आवृत्ती परत आणणं, हे सगळं पर्ल आणि शेलमध्ये उभं केलं होतं. मी फॉर्म बघून विचारलं, "डेव्हऑप्सचा किती वर्षांचा अनुभव?" ते म्हणाले, "डेव्हऑप्स असं नाही, सर. आम्ही आपलं रिलीज करायचो." माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस मला सर म्हणत होता. मी रकान्यात शून्य लिहिलं.

ज्याला घेतलं तो मुलगा वाईट नव्हता. त्याने सहा-आठ महिने खपून जे उभं केलं ते जवळजवळ हेच होतं, फक्त टूल्स नवीन. डेमोच्या वेळी मी टाळ्या वाजवल्या आणि मध्येच ते गृहस्थ आठवले. कामाचं वर्णन माझ्यासमोर झालं होतं, मराठीत, सविस्तर. मी शब्दाची वाट बघत बसलो होतो.

त्यामुळे मला शब्दांचा राग नाही. नव्या गोष्टीला नाव लागतंच. पण नावाचा गेटपास झाला की आत काम येत नाही, ज्याला पास छापून घेता येतो तो येतो. बाकीचे बाहेर. आता वयाच्या चाळिशीला मीही टेकलोय, तेव्हा हा विचार काही अगदी निःस्वार्थी नाही!

असो. पुढच्या आठवड्यात पुन्हा पॅनेल आहे. फॉर्मवर रकाना आलाय: 'एजंटिक एआय, अनुभव (वर्षे)'. मी तो खोडून त्या जागी प्रश्न टाकला, "रात्री दोनला काम फसलं तर तुम्ही काय करता?" आणि मेल पाठवली. एचआरचं उत्तर लगेच आलं. प्रश्न छान आहे म्हणाले, पण सिस्टिममध्ये तिथे फक्त आकडा बसतो.