बारदान ओलं ठेवा

भोसरीतल्या एका प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं काँक्रीटचे क्यूब फोडते आहे. पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा मशिनमध्ये ठेवायचा आणि भार चढवत न्यायचा. एम ४० दर्जाच्या काँक्रीटचा क्यूब नव्वद टनांच्या पुढे तग धरतो. चांगला क्यूब फुटला की चारही बाजूंच्या कपच्या सुटतात आणि मध्ये डमरू उरतो. तो डमरू दिसला की मला आजही बरं वाटतं.

पण हे क्यूब २८ दिवस टाकीतल्या पाण्यात बुडालेले असतात. ज्या कामाचे ते नमुने, ते काम तिकडे उन्हावाऱ्यात पडलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये चाकणजवळच्या एका शेडमधून फोन आला. "मॅडम, क्यूब तर पास झाले होते ना?" झाले होते. जाऊन पाहिलं तर फोर्कलिफ्टच्या वाटेवर पांढरी भुकटी. किल्लीने ओरखडलं तर फरशीवर रेघ उमटत होती. यंत्रं बसवायची घाई होती म्हणून काँक्रीट ओलं ठेवायला अंथरलेलं बारदान तिसऱ्या दिवशीच उचललं होतं. खापर मात्र फुटलं सिमेंटमधल्या राखेवर. 'पुढच्या टप्प्याला राखेचं सिमेंट नको' असं तिथंच ठरलं.

याचंच मला फार वाईट वाटतं. सिमेंटचा क्लिंकर भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीत कोणतंही इंधन घाला, तो सुटणारच. म्हणून क्लिंकर कमी करायचा आणि औष्णिक वीजकेंद्राची राख किंवा लोखंडाच्या झोतभट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, घालायची. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या पोत्यात १५ ते ३५ टक्के राख चालते. भाजलेली माती आणि चुनखडी घातलेल्या सिमेंटलाही २०२३ मध्ये भारतीय मानक मिळालं. संशोधन पोत्यापर्यंत पोहोचलं आहे.

ही राख सावकाश काम करते. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून जो चुना सुटतो, त्याच्याशी ती हळूहळू जुळते, आणि त्यासाठी ओल लागते. ओल तुटली की क्रिया थांबते. म्हणूनच काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलावा सांगितला आहे, मिश्र सिमेंटला दहा आणि कोरड्या, उष्ण हवेत चौदा दिवसांची शिफारस आहे. चाकणचा मार्च-एप्रिल याच हवेचा.

मग हे होत का नाही? बहुतेक निविदांत क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याचं काम, काँक्रीटच्या दरातच धरलेलं असतं. ज्या कामाचा वेगळा पैसा नाही, त्यावर माणूस कोण ठेवणार? पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं, तेव्हा टँकरचा खर्चही खरा आहे. पण दिवसभर पाइप सोडून ठेवायची गरज नाही. भिजलेलं बारदान आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद एवढ्यानं ओल टिकते, पाणीही वाचतं.

महापालिकेनं आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांनी निविदेत क्युरिंगचा वेगळा दर लावावा आणि चौदा दिवसांची रोजची नोंद पाहूनच तो द्यावा. राख सावकाश काम करते आणि पायाला पूर्ण भार काही महिन्यांनी येतो. त्याची ताकद ५६ दिवसांनी मोजायला हरकत काय? आणि दोन-चार क्यूब आमच्या टाकीत न पाठवता स्लॅबशेजारीच, त्याच बारदानाखाली ठेवा. तेही मी फोडून देईन.